मागच्या सीटचं वजन

६ जून, गुरुवार
डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावरून

भावोजी,

अक्षर ओळखलंत तर पत्र फाडू नका. आधी वाचा, मग काय करायचं ते करा. नऊ वर्षांनी वहिनीला आज कशी आठवण झाली म्हणाल, तर खोटं कशाला बोलू, गरज पडली म्हणून झाली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, मला तर लाजही उरलेली नाही.

तुमच्या दादांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. आठ महिने झाले. दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना चार तास मशीनवर घ्यावं लागतं. एक वेळ चुकली की छातीत पाणी चढतं. दोन वेळा चुकल्या तर काय होईल, असं डॉक्टरांना विचारलं तर ते चष्मा पुसत बसतात. आम्ही राहतो वर, पाण्याच्या टाकीच्या क्वार्टरमध्ये. टाकीचा पंप माझ्याकडे आहे, तो सोडला की घर सुटतं. हॉस्पिटल खाली शहरात, अडतीस किलोमीटर. शहरात खोली बघितली, ती मिळाली तिसऱ्या मजल्यावर, आणि यांना तीन पायऱ्या चढवत नाहीत. बस होती तोवर निभत होतं. एप्रिलमध्ये पूल खचला. आता मधे लोखंडी साकव आहे, त्यावरून माणूस जातो, फार तर दुचाकी. पलीकडे गाडी बोलावून बघितली, ती दोनदा आलीच नाही. आम्ही दोघं दगडावर बसून राहिलो.

म्हणून मी या वयात मोटरसायकल शिकले. हसा हवं तर. शेजारच्या शिंपीकाकांनी शिकवली. आधी तेच यांना न्यायचे, पण चौथ्या खेपेला त्यांच्या कमरेने दगा दिला. गाडी तुमच्या ओळखीची आहे, ताडपत्रीखालची तीच. दादांनी ती विकलीही नाही आणि चालवलीही नाही. टायर नवे घातलेत, मागे लोखंडी पाठ जोडून घेतली आहे. त्या पाठीला यांना पट्ट्याने बांधते आणि निघते.

पण गाडी आवरत नाही हो मला. मागून खाली बसते, खड्ड्यात मडगार्ड चाकाला घासतं, चढावर हँडल हलकं पडतं. वळणावर मागचा भाग डोलतो. एक पंक्चरवाला म्हणतो पन्नास हवा मारा, दगड करून टाका. दुसरा म्हणतो वीस ठेवा, गादीसारखं जाईल. यांचं सगळं आयुष्य गॅरेजात गेलं, म्हणून यांना विचारलं, तर म्हणाले, "मला गाडीचं विचारू नकोस. कशीही ने."

माझं वजन बावन्न. यांचं चौऱ्याण्णव, तुम्ही बघितलं होतं तेवढंच. पिशवी सहा किलो. बाकी प्रकृती चांगली आहे.

या पत्राचं त्यांना माहीत नाही. "बारक्याला यातलं काहीही कळता कामा नये," अशी शपथ घातली आहे मला. घरात फोन एकच आणि तो त्यांच्या उशाशी असतो. तुम्ही उत्तर इथल्या मोठ्या सिस्टरच्या नावाने पाठवा.

हवा किती ठेवू? एवढंच सांगा.

तुमची वहिनी

---

१० जून

वहिनी,

अक्षर पाकिटावरच ओळखलं, आणि दुपारपर्यंत ते उघडलं नाही. वाटलं, दादा गेला. नऊ वर्षांनी घरचं पत्र येतं ते याच कारणाने. उघडलं आणि आधी रडलो, मग हवेचा प्रश्न वाचून हसलो. वर्कशॉपातले म्हणाले, याचं डोकं फिरलं.

फोन नाही केलात ते बरंच केलंत. कंप्रेसरने माझे कान खाल्लेत. समोरच्याने कितीही बोंब मारली तरी मला त्याचे ओठ बघावे लागतात.

आता कामाचं. सिलिंडर, दुधाचे कॅन, पाण्याचे जार वाहणाऱ्या गाड्या ओझ्यासाठी लावून देणं हाच इथे माझा धंदा आहे. त्या दोन्ही पंक्चरवाल्यांना लांबून नमस्कार करा. पन्नास मारलीत तर टायर नुसत्या मधल्या पट्टीवर उभा राहतो, आणि ओल्या रस्त्यावर त्याचा साबण होतो. वीस ठेवलीत तर ओझ्याखाली कडा चेपतात, टायर तापतो आणि एक दिवस फुटतो. तुमच्या वजनाला मागे छत्तीस ठेवा, पुढे सव्वीस. सकाळी निघण्याआधी, टायर गार असताना, मीटर लावून. अंगठ्याने दाबून नाही.

मग शॉकअप. चाकाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या बुडाशी एक कडं आहे, त्याला पाच खाचा. पहिली सगळ्यात मऊ, पाचवी सगळ्यात कडक. डिकीत हुकासारखा पाना असेल, मीच ठेवलेला. दोन्हीकडे पाचवी लावा. एकीकडे चौथी आणि एकीकडे पाचवी झाली तर गाडी खेकड्यासारखी तिरकी जाईल. दोन्ही कड्यांवर पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका द्या, म्हणजे नुसती नजर टाकली तरी कळतं.

एवढं झालं की टेप घ्या. चाकाच्या मधल्या नटापासून सरळ वर सीटखालच्या बोल्टपर्यंत किती भरतं ते मोजा. एकदा डबल स्टँडवर चाक लोंबत असताना, एकदा तुम्ही एकट्या बसून, एकदा दोघं बसून. तिन्ही आकडे मला कळवा. ओझ्याखाली गाडी किती बसते त्यावरून पुढचं ठरतं.

आणि पाना फिरवण्याआधी बघा, आत्ता ती कोणत्या खाचेवर आहे. मला कळायलाच हवं. त्या गाडीवरून दादा आईला घेऊन निघाला, त्याच्या आदल्या दिवशी मी ती माझ्या एकट्यासाठी पहिल्या खाचेवर आणली होती. परत फिरवायला विसरलो. नाक्यापुढच्या उंचवट्यावर गाडी मागून बसली, आपटली, आणि आई उडाली. खुबा मोडला, आणि आठ महिन्यांनी ती गेली. "तुझा हात लागलेल्या गाडीवर मी पुन्हा बसणार नाही," असं दादा म्हणाला. त्याचं काय चुकलं? तेव्हापासून मी प्रत्येक गाडीची खाच तीनदा बघतो. गिऱ्हाईक वैतागतं.

जपून चालवा. त्याला सांगू नका कुणी सांगितलं ते.

तुमचा भावोजी

---

२० जून, गुरुवार

भावोजी,

पहिली. दोन्हीकडे पहिलीच खाच. पाना फिरेना, इतकी गंजलेली कडी, शेवटी शिंपीकाकांनी शिवणयंत्राचं तेल घातलं तेव्हा हलली. पाचवी लावली. पंपाच्या पाइपांवर नंबर घालायचा पांढरा रंग होता, त्याचे ठिपके दिले. हवा मागे छत्तीस, पुढे सव्वीस.

हँडल एकदम ताळ्यावर आलं. मडगार्ड घासत नाही, वळणावर गाडी डोलत नाही. पहिल्या दिवशी तुम्हाला मनातल्या मनात शंभर आशीर्वाद दिले.

पण आता ते उडतात हो. खड्डा आला की गाडी लाथ मारल्यासारखी उसळते आणि मागे यांचं अंग सीटवरून उठतं, पुन्हा आपटतं. पट्टा आहे म्हणून राहतात. मशीनची नळी त्यांच्या गळ्याजवळ बसवलेली आहे, आज तिथली पट्टी लाल झाली. सिस्टर मला ओरडल्या, "माणूस आणताय की पोतं?" हे स्वतः चकार शब्द काढत नाहीत. फक्त पहिल्या दिवशी, बसण्याआधी, मागच्या चाकाशी वाकून बराच वेळ काहीतरी बघत राहिले. मला वाटलं आता विचारतील. पण पाठ टेकून बसले.

टेपचे आकडे शिंपीकाकांनी घेतलेत. चाक लोंबत असताना एकोणपन्नास सेंटिमीटर. मी एकटी, साडेसत्तेचाळीस. दोघं आणि पिशवी, पंचेचाळीस.

एक सहज विचारते. वजनात थोडं इकडंतिकडं झालं तर काही बिघडतं का?

पाऊस लागलाय. लवकर लिहा. पुढचा सोमवार आला की मला आदल्या दिवसापासून जेवण जात नाही.

वहिनी

---

२४ जून

वहिनी,

पहिली खाच. म्हणजे नऊ वर्षं कुणी हातही लावला नाही तिला. हे वाचून मी पाना खाली ठेवला आणि बाहेर जाऊन बसलो. जाऊ दे.

तुमचा तिसरा आकडा चुकलाय. चौऱ्याण्णव किलोचा दादा आणि पिशवी मागे ठेवल्यावर गाडी बेचाळीसवर यायला पाहिजे, तुम्ही पंचेचाळीस लिहिता. तीन सेंटिमीटर म्हणजे चेष्टा नाही. शिंपीकाका विजारीची मापं घेणारे, त्यांना लोखंडाची काय पारख! पुन्हा मोजायला सांगा, गाडी सरळ धरून. पिशवीतली दोन-चार किलो इकडंतिकडं झाली तर काही बिघडत नाही.

उसळते म्हणता त्यावरून मला संशय येतो की शॉकअपमधलं तेल संपलंय. सीट मागून दोन्ही हातांनी दाबा आणि सोडा. वर येऊन थांबली तर ठीक, डुचमळत राहिली तर शॉकअप बाद. तोवर खाच आणि हवा तीच असू द्या. चौऱ्याण्णव किलोला याहून मऊ लावली तर आईचं झालं तेच होईल, आणि ते मी माझ्या हाताने करणार नाही.

तुमचा भावोजी

---

१ जुलै, सोमवार

भावोजी,

पडलो आम्ही.

साकवाच्या अलीकडे उतार आहे, सिमेंटचा. पावसाने ओला. मी ब्रेक दाबला आणि मागचं चाक असं सरकलं जसं काही खाली रस्ताच नाही. गाडी आडवी झाली. मी सुटून बाजूला पडले, पण ते बांधलेले होते, मीच बांधलेले! गाडीबरोबर घसरत गेले आणि अर्धे तिच्याखाली. पट्ट्याचं बक्कल माझ्या हातून निघेना. बोटं ओली, आणि मी वेड्यासारखी त्यांना म्हणतेय, तुम्ही उठा, तुम्ही उठा. कसे उठणार? पलीकडच्या दोन बायका धावत आल्या, त्यांनी विळ्याने पट्टा कापला.

कोपर सोलवटलं, पोटरी सायलेन्सरवर भाजली. हाड वाचलं. तशाच अवतारात त्यांना इथे आणलं. आत घेतलंय, मी बाहेर बसून लिहितेय, हाताला चिखल आहे तो तसाच.

तुमचं सगळं केलं. तीनदा मोजलं, पंचेचाळीसच भरतं. सीट दाबून सोडली, वर येऊन थांबते, डुचमळत नाही. हवा छत्तीसच होती. तुम्ही सांगितलं त्यातली एक गोष्ट मी सोडली नाही. मग का पडलो? तुमच्या हातालाच काही आहे का हो? आधी आईला पाडलंत, आता यांना. नऊ वर्षांपूर्वी हे म्हणाले तेच खरं होतं, आणि मी मूर्ख, काडीचा आधार शोधत तुमच्याच दारात आले.

गाडीखाली असताना ते एकच वाक्य बोलले. "सोड आता मला." पट्टा सोड म्हणत नव्हते. मला कळलं ते काय म्हणत होते.

उत्तर पाठवू नका.

---

६ जुलै

वहिनी,

उत्तर पाठवू नका म्हणालात, तरी पाठवतोय. पोस्टाने नाही, आमचे जार घेऊन तिकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती देतोय, म्हणजे लवकर पोचेल.

काल तुमचं पत्र मिळालं. रात्रभर मी स्वतःलाच शिव्या घातल्या. सकाळी उठून वर्कशॉपात गेलो आणि त्याच मॉडेलची एक गाडी अंगणात काढली. पाचवी खाच, हवा छत्तीस. आमच्या ऑफिसातली एक बाई तुमच्या वजनाची आहे, तिच्या हातापाया पडून तिला पुढे बसवलं. मागे पोत्यात वाळू भरली, बरोब्बर शंभर किलो, दादा आणि तुमची पिशवी. मोजलं. बेचाळीस भरलं.

मग मी पोत्यातली वाळू काढायला लागलो. एक घमेलं काढायचं, मोजायचं. पुन्हा एक काढायचं, पुन्हा मोजायचं. त्रेचाळीस झालं. चव्वेचाळीस झालं. पुढे बसलेली बाई मागे वळून विचारत होती, अजून किती काढणार? मी म्हटलं, पंचेचाळीस येईपर्यंत. आलं तेव्हा उरलेलं पोतं काट्यावर ठेवलं. त्रेसष्ट. त्यातून तुमची पिशवी वजा केली. सत्तावन्न.

पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. तीनदा केलं. तीनदा सत्तावन्न.

स्प्रिंग जुनी झाली तर जास्त बसते वहिनी, कमी नाही. म्हणजे सत्तावन्नसुद्धा कदाचित जास्तच असेल. शिंपीकाकांची मी माफी मागतो. टेप बरोबर होता. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

काढलेल्या वाळूचा ढीग बाजूला होता. सदतीस किलो. मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो. एवढा माझा दादा गेला, आणि मला कुणी सांगितलं नाही.

आता ऐका. मी गाडी लावली ती त्या गेलेल्या सदतीस किलोंसाठी. स्प्रिंग दाबायला वर वजनच नाही, म्हणून ती त्याला उडवते. टायर गरजेपेक्षा कडक, म्हणून ओल्या उतारावर धरत नाही. तिसरी खाच लावा, दोन्हीकडे. मागे हवा एकतीस, पुढे पंचवीस. उताराआधीच वेग टाका, खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक दोन्ही आणि हळू. ठिपके नव्याने द्या.

तुम्हाला मला जेवढं बोलायचं तेवढं बोला. माझ्या हाताला काही आहे म्हणालात, असेलही. पण यापुढे मला वजन खरं सांगा. मी लांबून हात लावतोय, मला दिसत नाही, तुमच्या आकड्यावरच सगळं आहे.

दादा कसा आहे? खरं सांगा.

भावोजी

---

१० जुलै, बुधवार

भावोजी,

खरं सांगते.

पाणी धरून साठ. मशीनने पाणी काढलं की छप्पन्न. शिंपीकाकांनी दोनदा विजार आत घेतली, तिसऱ्यांदा म्हणाले, आता नवीनच शिवू. हे सगळं मला दिसत होतं, रोज, आंघोळ घालताना. पण आकडा लिहायची वेळ आली तेव्हा हाताने चौऱ्याण्णव लिहिला. त्यांनी शपथ घातली होती हे खरं, पण माझं मलाही लिहवत नव्हतं. वाटायचं, निदान एका माणसाच्या डोक्यात तरी ते धडधाकट आहेत. त्या एका आकड्यापायी मी त्यांना तीन आठवडे उडवत राहिले, आपटत राहिले, आणि वर तुम्हाला दोष दिला. आईचं नाव काढून बोलले. माझी जीभ झडली का नाही तेव्हा!

गुरुवारी कसेबसे आले. परवा सोमवारी आलेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडले. मी रडले, भांडले, पायाशी बसले. शिंपीकाका समजावून गेले. "तिला पुन्हा पाडायचं नाही मला," एवढंच त्यांना म्हणाले. काल सकाळी श्वास वाजायला लागला. मी एकटीच गाडी काढून खाली आले, म्हटलं काही औषध तरी देतील. मागे कुणी नव्हतं. सबंध रस्ता मागची सीट रिकामी खडखडत होती आणि मी मागे वळून बघत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "औषध नाही बाई. उद्या दुपारपर्यंत माणूस आणा." बाहेर आले तर तुमचा ट्रकवाला सिस्टरना शोधत उभा.

घरी जाऊन शपथ मोडली. तुमचं पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. वाळूचं आलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. म्हणाले, "ते पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. तुम्ही घमेल्याघमेल्याने वाळू काढत होतात ते. मग म्हणाले, "पाना आण."

आज उजाडताच मागच्या चाकापाशी स्टूल टाकून बसले, धापा टाकत, आणि मला सांगत होते, डावीकडे फिरव, अजून एक, बस. मीटर त्यांनी स्वतः धरला. एकतीस. भावोजी, अडतीस किलोमीटर, एकदाही उडाले नाहीत. साकवाच्या उतारावर माझ्या कमरेला धरून होते.

आता आत आहेत. डॉक्टर म्हणतात उशीर झालाय, आजची रात्र बघू. मला कागद मागितला त्यांनी. सोबत जोडलाय. मी वाचलेला नाही.

ट्रकवाला संध्याकाळी परत निघतोय, त्याच्या हाती देते.

तुमची वहिनी

---

बारक्या,

नळी उजव्या बाजूला आहे, त्यामुळे हात वळत नाही. अक्षराला हसू नकोस.

तुझ्या वहिनीला वाटतं मला काही कळलं नाही. पहिल्याच दिवशी कळलं. पांढरा ठिपका फक्त तू देतोस. सगळ्या जगात मी दुसरा माणूस बघितला नाही जो स्प्रिंगच्या कड्याला टिळा लावतो. तुझा हात लागलेल्या गाडीवर बसणार नाही म्हणालो होतो, आणि बसलो. गप्प बसलो.

पाचवी माझ्यासाठी जास्त आहे हेसुद्धा पहिल्या खड्ड्यातच कळलं. तोंडातून एक शब्द काढला असता तर तिने बदलली असती. पण मग तिला तुला खरं वजन सांगावं लागलं असतं. तू मला असा बघावंस हे मला नको होतं. म्हणून आपटत राहिलो. आपलं घराणंच गाढवांचं.

आता ते सांगतो जे नऊ वर्षं सांगितलं नाही. त्या सकाळी मी आईला बसवलं आणि मागे दोन डबे बांधले. गाडी खाली बसलेली मला कळली. मी वाकून बघितलं सुद्धा. पहिली खाच होती. पाना डिकीत होता. दोन मिनिटांचं काम. पण उशीर झाला होता, आणि मी म्हटलं, चालेल. बारक्या, मी बघितलं होतं. तू विसरलास, मी बघून गेलो.

हॉस्पिटलात सगळे विचारायला लागले तेव्हा तुझं नाव माझ्या तोंडातून निघालं. एकदा निघालं, मग परत घेता आलं नाही. ती खाच मी कधी फिरवली नाही. फिरवली असती तर तुझ्याकडे बोट दाखवायला माझ्याकडे काही उरलं नसतं.

माफ कर असं लिहिणार होतो, पण ते तोंडाने बोलायचं असतं. तुला ऐकू येत नाही म्हणे. मी ओरडेन, जमेल तेवढं.

ये. फार उशीर करू नकोस.

दादा

---

१२ जुलै

दादा,

तुझं पत्र ट्रकवाल्याने काल दिलं. मी ते अंगणात, वाळूच्या ढिगावर बसून वाचलं. तू बघितलं होतंस हे मला माहीत नव्हतं. मी नऊ वर्षं रोज पहाटे तीच खाच मनात फिरवतो. आता निम्मी तू फिरव, निम्मी मी फिरवतो. रागवायचं काय ते समोर बसून रागवेन, आत्ता माझ्याकडे तेवढा वेळ नाही.

हे पत्र आजच्या ट्रकबरोबर पुढे जाईल. वर्कशॉपाची किल्ली देऊन मी उद्या निघतो, रविवारी दुपारी साकवाच्या पलीकडे उभा असेन. सोमवारची खेप मी चालवीन. त्यानंतरच्याही. वहिनीला म्हणावं, पंप सांभाळ आणि दोन घास पोटभर जेव.

डॉक्टरांना विचारून ठेव, भावाची किडनी चालते का. माझे कान दोन्ही गेले, पण किडन्या दोन्ही शाबूत आहेत. त्यातली एक कुणाला लागली तर मला आक्षेप नाही.

वहिनी, तुम्ही हे त्याला वाचून दाखवाल म्हणून इथेच लिहितो. आजची रात्र बघू असं डॉक्टर म्हणाले होते, ती रात्र कशी गेली ते मला कळलेलं नाही. कळवायला आता वेळही नाही, मी रस्त्यात असेन. काहीही झालं असलं तरी मी येतोय. गाडीची हवा, खाच, कशाला हात लावू नका, मी आल्यावर बघेन. आणि दादाचं वजन आता कळवू नका. उचलून गाडीवर बसवताना माझं मला कळेल.

बारक्या